हात जवळ असावा, पण मध्ये नसावा

सकाळी खाली रिक्षाकाका हॉर्न वाजवत असतात. मुलाच्या तोंडात अर्धा घास, एका पायात मोजा, दुसरा मोजा सोफ्याखाली. अशा वेळी आपण काय करतो? खाली बसतो, मोजा चढवतो, बूट घालतो, दप्तर खांद्याला अडकवतो आणि जवळजवळ ढकलतच जिन्यापर्यंत नेतो. आपण सगळेच करतो हे. शाळेची वेळ आपल्याला विचारून ठरलेली नसते आणि आपली लोकल काही मुलाच्या मोज्यासाठी थांबत नाही.

मी दोन मुलांची आई आहे आणि एका शाळेत मदतनीस म्हणून काम करते. मोठ्या शहरांतल्या शाळांत या कामाला ‘शॅडो टीचर’ म्हणतात. मुलं मात्र सरळ ‘ताई’ म्हणतात. वर्गात कुणाला ऑटिझम असतो, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला एका जागी बसणंच अवघड जातं. अशा मुलाला बाकीच्या वर्गाबरोबर राहता यावं, यासाठी त्याच्या आसपास असणं हे माझं काम.

शिकवतात वर्गाच्या बाई. मुलाने काय आणि कुठल्या पायरीने शिकायचं, याचा आराखडा विशेष शिक्षक करतात. त्यांचं त्यासाठी रीतसर शिक्षण झालेलं असतं, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. मधलं उरलेलं सगळं माझ्याकडे येतं. दप्तरातून नेमकी वही निघणं, फळ्यावरची ओळ सापडणं, शू लागल्याचं वेळेत ओळखणं, घंटेच्या आवाजाने बिथरलेल्या मुलाला शांत करणं, मधल्या सुट्टीत डबा उघडणं.

आणि या सगळ्यात सर्वांत कठीण काय असेल, तर हात आवरणं.

पालक फाटकाशी भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, तुम्ही त्याच्या शेजारीच बसता ना?’ त्या प्रश्नामागची भीती मला पूर्ण कळते. जे मूल घरी येऊन ‘आज मला अमक्याने ढकललं’ एवढंही सांगू शकत नाही, त्याला सहा तास दुसऱ्यांच्या हवाली करून कामावर जायचं, याला छाती लागते. कुणीतरी त्याला चिकटून बसलेलं आहे, एवढ्या विचारावर ती आई दिवस काढत असते. त्यात अनेक खासगी शाळांत मदतनिसाचा पगारही पालकच देतात. मग वाटणारच, की पैसे देतोय तर ताई सतत जवळ दिसली पाहिजे.

पण सतत जवळ असण्याचीही किंमत असते, आणि ती मुलाला मोजावी लागते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांजवळ मदतनीस दिवसभर बसून राहिली की काय होतं, ते त्यांनी वर्गांत जाऊन पाहिलं. मुलं मोठ्या माणसांवर विसंबू लागतात, वर्गमित्रांपासून तुटतात, वर्गशिक्षकही नकळत त्या मुलाची जबाबदारी मदतनिसावर सोडून देतात. एक गोष्ट तर आपल्या फारशी लक्षातच येत नाही. मदतनीस बाई असेल, तर मुलग्यालाही बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं जातं. तो आता मोठा होतोय, त्याला संकोच वाटत असेल, हे सोयीपुढे विसरलं जातं.

हे आपल्याकडेही रोज दिसतं. मी एखाद्या मुलाच्या बाकावर त्याला खेटून बसले की शेजारचा मुलगा आपोआप पलीकडे सरकतो. त्याचा काही वाईट हेतू नसतो. ‘त्याच्याजवळ ताई आहेत, मग आपलं काय काम?’ असं त्याला वाटतं. खोडरबर हवं असेल तर तो माझ्याकडे मागतो, मित्राकडे नाही. आणि ज्याच्यासाठी मी तिथे असते, त्याचे डोळेसुद्धा फळ्याऐवजी माझ्याकडे लागलेले असतात.

म्हणून चांगल्या मदतनिसाचं अंतर हळूहळू वाढत जावं लागतं. जूनमध्ये शेजारी, दिवाळीनंतर मागच्या बाकावर, वर्ष संपताना दाराशी. प्रत्येक मुलाच्या बाबतीत हे एवढं सरळ होत नाही. काही मुलांना कायमच जवळच्या मदतीची गरज असते आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे. पण दिशा तीच ठेवायची.

मदतीलाही एक क्रम असतो. विशेष शिक्षक तो आम्हाला पहिल्यांदा शिकवतात. बाईंनी ‘वही काढा’ म्हटलं की आधी नुसतं थांबायचं. मनातल्या मनात दहा अंक मोजायचे. काही झालं नाही तर दप्तराकडे बोट दाखवायचं. तरी नाही, तर एकच शब्द, ‘वही’. तेही पुरलं नाही तर स्वतः करून दाखवायचं. आणि मुलाच्या हातावर हात ठेवून करवून घेणं अगदी शेवटी, त्याला चालणार असेल तरच.

आपण घरी नेमकं उलटं करतो. हात आधी पुढे जातो, शब्द नंतर. घाई असते, थकवा असतो, गॅसवर भाजी असते. शिवाय मूल धडपडताना दिसलं की पोटात तुटतंच. ज्याच्या पहिल्या पावलासाठी, पहिल्या शब्दासाठी आपण वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्याला बटणाशी झगडताना पाहत नुसतं बसून राहायचं, हे सांगणं सोपं आहे, करणं नाही.

पण त्या दहा अंकांत पुष्कळ काही घडत असतं. काही मुलांना ऐकलेला शब्द समजून घ्यायला, त्याचा अर्थ लावायला आणि मग हाताला हलवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण मध्येच पुन्हा ‘अरे, वही काढ ना, कधीचं सांगतेय’ म्हटलं, की त्याचं बिचाऱ्याचं आत चाललेलं काम तुटतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आपल्याला वाटतं, ऐकत नाही. तो ऐकतच असतो.

मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवतं. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था काढली, आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. मालिनी यांचं बोलणं अनोळखी माणसाला पटकन समजत नाही. पण त्यांनी एका बोटाने टाइप करत आपलं अख्खं आत्मकथन लिहिलं, ‘वन लिटल फिंगर’. त्यांचं वाक्य त्यांच्या आधी दुसऱ्याच कुणी पूर्ण करून टाकलं असतं, तर ते पुस्तक झालं नसतं.

आता मुलाच्या मनाचं सांगते.

मदत मिळते म्हणून मूल खूश असेल, असं आपण गृहीत धरतो. लहानपणी असतंही. पण चौथी-पाचवीत आलेलं मूल आजूबाजूला बघायला लागतं. ‘बाकी कुणाच्याच शेजारी ताई नाही, माझ्याच का?’ हा प्रश्न बोलता न येणाऱ्या मुलालाही पडतो. मग तो वागण्यातून बाहेर येतो. मी जवळ गेले की एखादा वही झाकून ठेवतो. एखादी मधल्या सुट्टीत डबा घेऊन मुद्दाम माझ्याकडे पाठ करून बसते. पालकांना हे कळलं की त्यांना धक्का बसतो, ‘अगं, ताईंशी असं वागतात का?’ खरं तर मला त्या क्षणी आनंदच होतो. तिला मैत्रिणींच्या घोळक्यात बसायचंय. याहून निरोगी इच्छा कुठली?

अशा वेळी मी लांबच्या कट्ट्यावर जाऊन बसते. डोळे तिच्याकडे, पाय मात्र जागेवर.

आणि तुम्हाला माहीत आहे, मधल्या सुट्टीत मुलाला ताईची गरज बहुतेक वेळा कशासाठी लागते? डब्याच्या झाकणासाठी! घट्ट बसणारा, गळणार नाही असा डबा आपण हौसेने आणतो, आणि तो मोठ्या माणसालाही दोन्ही हातांनी जोर लावून उघडावा लागतो. पँटला बेल्ट, त्यावर हूक, त्याखाली चेन. शू लागल्यावर एवढे अडथळे पार करायचे म्हणजे त्या बोटांची परीक्षाच. नाडीचे बूट, फिरकीची वॉटरबॅग, आतून-बाहेरून सारखंच दिसणारं स्वेटर. आपण घेताना टिकाऊ बघतो, स्वस्त बघतो, छान दिसतं का ते बघतो. ‘याला हे स्वतःचं स्वतः उघडता येईल का?’ हे बघायचं राहून जातं.

जमलं तर एवढं करून पाहा. सहज उघडणारा डबा, इलॅस्टिकची पँट, वेल्क्रोचे बूट. शाळेला गणवेशाबद्दल विनंती करावी लागली तर जरूर करा. बहुतेक बाई समजून घेतात. शाळेतली निम्मी मदत तुम्ही दुकानातच कमी करू शकता.

दुसरी एक युक्ती विशेष शिक्षकांकडून मी शिकले आणि ती कुठल्याही मुलाला लागू पडते. काम शिकवताना शेवटची पायरी मुलासाठी सोडायची. पँट आपणच वर चढवायची, चेन जवळजवळ पूर्ण लावायची, पण शेवटचा जरासा भाग त्याने ओढायचा. पोळीचा तुकडा आपण तोडायचा, भाजी लावायची, पण घास त्याने उचलायचा. काम पूर्ण झाल्याचा आनंद शेवटच्या पायरीवर असतो, तो त्याच्या वाट्याला येतो. ती जमली की तिच्या आधीची पायरी सोडायची. आठवडाभर शाळेच्या घाईत हे नाही जमणार, आणि जमलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. रविवार आहे, सुट्टीतली दुपार आहे. एका वेळी एकच काम निवडा.

आजी-आजोबांनाही यात घ्या. नातवासाठी जीव टाकणाऱ्या आजीला ‘त्याला भरवू नका’ म्हटलं तर ती दुखावते. ‘आई, पहिले चार घास तुम्ही भरवा, शेवटचा त्याला घेऊ द्या’ म्हटलं तर ती आपणहून कौतुकाने बघत बसते.

आता तो फाटकावरचा दुसरा प्रश्न. ‘आज त्रास दिला का हो?’

हा प्रश्न विचारताना आईचा आवाज खाली आलेला असतो. शाळेतून फोन येईल, ‘तुमच्या मुलाला आम्ही नाही सांभाळू शकत’ असं कुणी म्हणेल, ही टांगती तलवार तिच्या डोक्यावर असते. म्हणून ती आधीच माफी मागून ठेवते. मी समजू शकते. पण आपला हात धरून उभं असलेलं मूल हा प्रश्न रोज ऐकत असतं. आपण म्हणजे त्रास, एवढं त्याला नक्की समजतं. जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यासमोर आपण सगळे फार मोकळेपणाने बोलतो, जणू ती तिथे नाहीतच. बोलता न येणं वेगळं आणि न समजणं वेगळं.

त्याऐवजी विचारा, ‘आज त्याला काय आवडलं?’, ‘आज कुणाबरोबर बसला?’, ‘आज काय त्याने एकट्याने केलं?’ आणि काही अडचणीचं बोलायचं असेल तर डायरीत लिहा किंवा संध्याकाळी फोन करा. आम्हीही तेच करायला हवं.

घरचं मात्र आम्हाला जरूर कळवा. रात्री झोप झाली नाही, आजी गावाला गेली, घरात पाहुणे आहेत, औषध बदललं, नवीन चपला चावतायत. एका ओळीचा निरोप पुरे. वर्गात मूल अचानक कानावर हात ठेवून ओरडायला लागतं, तेव्हा लोकांना तो हट्ट वाटतो. पण पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचं लुकलुकणं, प्रार्थनेच्या वेळचा माइक, हे काही मुलांना खरोखर सहन होत नाही. त्यात झोप अपुरी असेल तर बांध फुटतो. तुमच्या निरोपामुळे मी त्या दिवशी त्याला आधीच खिडकीजवळच्या शांत कोपऱ्यात बसवू शकते. घरी शू-शीसाठी कुठला शब्द आहे, कुठल्या गोष्टीने तो शांत होतो, कशाची भीती वाटते, हेही पहिल्याच दिवशी सांगा. ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

एक गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलायला हवी. कितीतरी पालक शाळेला मुलाचं निदान सांगतच नाहीत. ‘एकदा शिक्का बसला की कायमचा’ ही धास्ती असते. उद्या भावंडाच्या लग्नात अडचण येईल इथपर्यंत विचार गेलेला असतो. आपल्या समाजाने ती भीती दिली आहे, पालकांनी ती हौसेने घेतलेली नाही. पण कागद नसला की हक्काची मदतही अडते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमताही आल्या. हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवं असेल तर विशेष शाळेत. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, त्यांनाही वेळेत काढलेली कागदपत्रं लागतात.

तुमच्या मुलाला शाळेत बसू देऊन कुणी उपकार करत नाही. तो त्याचा हक्क आहे. हे लक्षात ठेवलं तर फाटकाशी उभं राहताना मान थोडी वर राहील.

आणि आता बाकीच्या पालकांशी बोलायचंय. ज्यांच्या मुलाला ताई लागत नाही, पण ज्यांच्या मुलाच्या वर्गात ताई बसते, त्यांच्याशी.

तुमच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे, कारण मीही पालक म्हणून त्या सभेत बसते. ‘त्या मुलामुळे बाईंचं लक्ष विभागतं’, ‘आपल्या मुलीचा अभ्यास मागे पडेल’, ‘त्याने मारलं तर?’ हे मनात येणं स्वाभाविक आहे. फिया भरतो, स्पर्धा दिसते, काळजी वाटते. काही खरोखर घडलं असेल तर बाईंशी जरूर बोला. फक्त ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नको. त्या ग्रुपवर त्या मुलाची आईही असते, आणि ती रात्रभर ते वाचत बसते.

तुमच्या मुलाने घरी विचारलं, ‘तो असे हात का हलवतो?’ तर ‘गप्प बस, असं विचारू नये’ म्हणून विषय बंद करू नका. मुलाला वाटतं, हे काहीतरी लाजिरवाणं आहे. ‘त्याला खूप आनंद झाला किंवा खूप गोंधळ वाटला की तो तसं करतो’ एवढं उत्तर लहान मुलाला पुरतं. पुढे तोच वर्गात जाऊन इतरांना समजावतो. आणि ‘बिचारा’ हा शब्द घरात टाळता आला तर फार बरं होईल. बिचाऱ्यावर दया करतात, त्याला आपल्या टीममध्ये कुणी घेत नाही.

मी सुरुवातीपासून मागे सरकण्याबद्दल बोलतेय. पण मी एक बाक मागे गेले की त्या मुलाच्या शेजारी एक जागा रिकामी होते. ती जागा मी भरू शकत नाही, बाई भरू शकत नाहीत, कायदाही भरू शकत नाही. तिथे तुमचाच मुलगा किंवा मुलगी येऊन बसायला हवी. ‘हे पान काढ’ म्हणून बोट दाखवायला, अर्धी पोळी द्यायला, प्रसंगी भांडायलासुद्धा. तसं झालं नाही, तर माझं मागे जाणं म्हणजे त्या मुलाला एकटं सोडणंच ठरेल.

त्या मुलांच्या आयांना काय हवं असतं, हे मी फाटकाशी उभी राहून ऐकते. पहिला नंबर त्यांनी कधीच मागितलेला नसतो. आपल्या मुलाला वर्षातून एकदा तरी कुणीतरी वाढदिवसाला बोलवावं, एवढंच त्यांना वाटत असतं. बोलावलं जात नाही ते दुष्टपणाने नाही. ‘त्याला गर्दी सहन होईल का’, ‘काय खायला द्यायचं’, ‘काही झालं तर’ अशा शंकांमुळे आपण नाव लिहितच नाही.

तेव्हा एवढी विनंती आहे. पुढच्या वाढदिवसाला यादी कराल तेव्हा वर्गातल्या त्या मुलाचं नाव घाला. त्याच्या आईला आधी फोन करा आणि विचारा, ‘त्याला काय आवडतं? गाणी हळू लावू का? थोडा वेळच थांबला तरी चालेल.’ तो कदाचित केक न खाताच जाईल, कदाचित कोपऱ्यात बसून फुगे बघत राहील. पण दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्या मुलाला त्याच्या शेजारी बसायला कुणी सांगावं लागणार नाही.

मला माझ्या कामात एवढीच मदत हवी आहे, आणि ती फक्त तुम्हीच करू शकता.